धारेचा तुंबा

आमचं गाव नेमकं कुठे, असं कोणी विचारलं की आजही माझ्या कपाळाला आठी पडते. बपेऱ्याच्या पुढे, नदीच्या काठाला, एवढ्यावर कोणाचं भागत नाही. मग पुढचा प्रश्न येतो, म्हणजे महाराष्ट्रात की मध्य प्रदेशात? महाराष्ट्रात हो, महाराष्ट्रात! पण आता आमच्या घाटटोलीच्या अंगणात उभं राहून मोबाइल काढला की तो पलीकडच्या राज्यात तुमचं स्वागत करतो, आणि चार पावलं चालून चुलीपाशी गेलं की परत आपल्या राज्यात आणून सोडतो. माझा भाचा तर म्हणतो, "मावशी, बोलाचं असन तं कोंबड्याच्या खुराड्यापाशी जाऊन उभी राह्य, तिथं आपला टावर पकडते." म्हणजे पन्नास वर्षांनी सुधारणा झाली ती एवढीच, की आधी आम्हाला तलाठी आणि पटवारी एकमेकांकडे ढकलायचे, आता टावर ढकलतात.

नदी मधोमध, अलीकडे आम्ही, पलीकडे ते. 'ते' म्हणजे तरी कोण? माझे मामा, माझ्या दोन आत्या, अर्ध्या गावाच्या सासुरवाड्या आणि उरलेल्या अर्ध्याची माहेरं. आमच्याकडे मासे आणि धान, त्यांच्याकडेही मासे आणि धान. तरी पलीकडून कोणी आलं की मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, असं विचारायचे, "काय म्हनते गा तुमचा मुलूख?" जसा काही माणूस समुद्र ओलांडून आलाय. त्यांच्या या थाटाचा मला लहानपणापासून वैताग होता. तो माणूस सकाळी आमच्याकडे येऊन, भात खाऊन, दुपारच्या झोपेला परत आपल्या मुलखात जायचा.

आमचं घर घाटाच्या अगदी तोंडाशी. दोन खोल्या, वर कवेलू, पुढे सपरी. सपरीत बाबांची जाळी वाळत टांगलेली असायची आणि घरात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्याला जाळ्याचा ओला वास लागायचा. बाबा मासे धरायचे आणि डोंगा चालवायचे. डोंगा म्हणजे एका लाकडाची लांबट नाव, सहा माणसं आणि एक बकरी बसेल एवढी. पलीकडच्या काठावर कोणी येऊन "डोंगाऽऽ" अशी हाक मारली की बाबा उठलेच. तोंडात घास असो, डोक्यावर पाणी असो, घरी पाव्हणे बसलेले असोत. मायने गरम भात वाढावा, लाखोरीच्या डाळीचं वरण त्यावर घालावं, बाजूला झिंग्यांची चटणी ठेवावी आणि बाबांनी पहिला घास उचलावा, की नदीपलीकडून हाक आलीच. मला तर वाटायचं, पलीकडचे लोक आमच्या चुलीचा धूर बघूनच घरून निघत असावेत. माय ताट झाकून ठेवायची आणि ठरलेलं वाक्य बोलायची, "त्या नदीलेच बायको करून आनाची होती ना! मले कायले आनलं?" बाबा परत यायचे, थंड भात खायचे, आणि काहीच बोलायचे नाहीत. बाबांचं न बोलणं हा आमच्या घरातला सगळ्यात मोठा आवाज होता. वैतागून माणूस ओरडतो तेव्हा निदान कळतं तरी. बाबांचं काही म्हणजे काही कळायचं नाही.

आता त्या रेतीबद्दल सांगायला हवं. दिवाळीनंतर नदी उतरली की दोन गावांच्या मधोमध रेतीचं एक लांबट बेट उघडं पडायचं. तिथे नदीचे दोन फाटे व्हायचे, एक आमच्या काठाने जायचा आणि एक त्यांच्या काठाने. त्या रेतीत डांगराच्या वाड्या लागायच्या. खरबुजाची जात, पण नदीच्या रेतीतल्या डांगराला जो वास असतो तो बाजारातल्या फळाला कुठून येणार! वाडी म्हणजे काम मात्र मरणाचं. रेतीत हातभर खोल नाल्या खणायच्या, त्यात शेणखत भरायचं, ओल्या फडक्यात मोड आणलेलं बी टोचायचं आणि मग होळीपर्यंत नदीतून घागरी वाहायच्या. सकाळी घागरी, संध्याकाळी घागरी, मधल्या वेळेत वेलांखाली धानाच्या पेंढ्याचं तणस घालणं, आणि फळ धरलं की कोल्ह्यांच्या मागे धावणं. पुरुष जाळी टाकायला जात, त्यामुळे वाडी बायांच्या आणि पोरींच्या डोक्यावर. पुरुष फक्त पहिलं डांगर कापायला हजर असायचे.

प्रश्न एवढाच की रेती कोणाची? सरकारी नकाशात हद्द नदीतून जाते. नकाशा आहे तिथेच राहतो, नदी दरवर्षी सरकते. ज्यांनी नकाशा काढला त्यांनी एक पावसाळा आमच्याकडे काढला असता तर कागद वाचला असता. मग दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांनी कधीकाळी आपसात तोडगा काढला, तो म्हणजे धारेचा तुंबा. कार्तिक पुनवेच्या सकाळी वरच्या डोहात मधोमध डोंगा उभा करायचा आणि एक तुंबा, म्हणजे वाळवून पोकळ केलेला भोपळा, पाण्यावर सोडायचा. तुंबा ज्या फाट्याने जाईल तीच नदीची खरी धार, तीच त्या वर्षाची हद्द. त्यांच्या काठच्या फाट्याने गेला तर रेती आमच्या बाजूला राहिली, म्हणजे वाडी आमची. आमच्या काठच्या फाट्याने गेला तर रेती हद्दीच्या पलीकडे पडली, वाडी त्यांची. वर्षभर मग कोणी ब्र काढायचा नाही. मी एकदा मोठेबाबांना विचारलं होतं की दरवर्षी अर्धी अर्धी का करत नाही? ते म्हणाले, "धार का अर्धी अर्धी वायते का वो? शायनी झाली मोठी!" विषय संपला.

तुंबा सोडायचा कोणी, यालाही नियम होता. डोंग्यात तीन माणसं. वल्हवणारा आमचा, म्हणजे बाबा. साक्षीला बसणारा त्यांचा, म्हणजे माझे मामा. आणि तुंबा सोडायला पोरगी. ती बिनलग्नाची हवी, बाप या काठचा आणि माय त्या काठची हवी. तिला 'दोन्ही काठाची पोरगी' म्हणायचे. नऊ वर्षांची असल्यापासून ती पोरगी मी होते, कारण बाकीच्या मुलींची लग्नं पटापट व्हायची आणि मी आपली शाळेत जात बसले होते. उपास काय, पहाटेच्या थंडीत नदीत डोकं बुडवणं काय, ओल्या केसांनी डोंग्यात कुडकुडत बसणं काय! दरवर्षी आठवडाभर माझं नाक वाहायचं. वर त्या दिवशी दोन्ही काठांच्या बाया माझ्या पाया पडायच्या आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाया मला शेण उचलायला हाका मारायच्या.

विचार तसा पक्का होता म्हणायचा. आमचा माणूस आमच्याकडे ओढेल म्हणून त्यांचा साक्षीदार. त्यांचा माणूस त्यांच्याकडे ओढेल म्हणून आमचा वल्हवणारा. आणि पोरगी दोन्हीकडची, ती कशाला कोणाकडे ओढेल? एवढ्या सगळ्या शहाण्या डोक्यांत एक गोष्ट काही शिरली नाही. पोरीला स्वतःसाठी काही हवं असू शकतं, हे कोणालाच कधी सुचलं नाही.

मला हवं होतं. मी सिहोऱ्याच्या शाळेतून दहावी पास झाले होते आणि भंडाऱ्याला नर्सबाईच्या ट्रेनिंगसाठी अर्ज टाकला होता. दिवाळी झाली आणि पत्र आलं की जागा मिळाली आहे, पंधरा दिवसांत हजर व्हा. मी ते पत्र घरात मोठ्याने वाचलं. मग परत वाचलं, कारण पहिल्यांदा कोणी काही बोललंच नाही. माय खाटेवर पडून होती. पावसाळ्यात घाटावरून घसरून तिची कंबर गेली होती, तिला घागर तर सोडाच, तांब्या उचलणं होत नव्हतं. मोठेबाबा म्हणाले, "पोट्टीले कायले धाडता भंडाऱ्याले? लग्नाची झाली. अन् दोन वर्सं झाले, रेती तिकडंच जाऊन राहिली. औंदा आपल्याकडं आली तं वाडी कोन करन? तुई बायको तं खाटेवर पडली."

सगळे बाबांकडे बघायला लागले. बाबा जाळ्याची गाठ मारत होते. ती पूर्ण केली, दाताने दोरा तोडला, आणि म्हणाले, "रेती आपल्याकडं आली तं सुमन राहीन. नाही आली तं जाईन."

मी थक्क झाले. इतका संताप मला आयुष्यात पुन्हा क्वचितच आला असेल. पोरीचं पुढे काय करायचं ते नदीला विचारून ठरवायचं? मी म्हटलं, "बाबा, जागा पुढच्या वर्षी ठेवत नाहीत ते लोक माझ्यासाठी!" बाबा म्हणाले, "सांगतलं ना." आणि तेवढ्यात पलीकडून "डोंगाऽऽ" अशी हाक आली आणि ते उठून निघून गेले. मी त्या हाक मारणाऱ्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्याला उचकी लागली असेल.

पुढचे आठ दिवस गावभर रेतीशिवाय दुसरी गोष्ट नाही. दोन वर्षं वाडी गेलेली, त्यामुळे बाया नुसत्या आसुसल्या होत्या. सगळ्यात जास्त कौसाबाई. कौसाबाई आमच्या शेजारची, नवरा नदीतच गेलेला, पदरात एक सात-आठ वर्षांची पोरगी, शांता. बाकीच्यांकडे वाडी नसली तरी जाळं होतं. बाई जाळं टाकत नाही हा आमच्याकडचा नियम, तो कोणी केला आणि कशासाठी, देव जाणे. म्हणजे कौसाबाईकडे वाडीशिवाय काहीच नव्हतं. दोन वर्षं तिने लोकांच्या धानाचं निंदण, कापणी करून काढली होती. पण तिच्या हाताच्या डांगराला तोड नव्हती. तिने दोन वर्षं बी राखेत घालून मडक्यात जपून ठेवलं होतं. त्या आठवड्यात ती आमच्या सपरीत येऊन बसली, ते बी पदरात ओतून मला दाखवलं आणि म्हणाली, "पाय, एक बी किडला नाही. औंदा रेती आली ना, तं शांतीलेबी तुयासारखी शिकवतो बापा. तू बसजो मस्त, नीट सोडजो तुंबा." मी हो म्हटलं. काय म्हणणार होते?

मी देवाला काय मागावं हेच मला कळेना. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत. गावाचं भलं मागावं तर माझं ट्रेनिंग जातं. माझं मागावं तर कौसाबाईचं बी मडक्यातच राहतं. शेवटी मी देवाला काहीच मागितलं नाही, सगळ्यांवर चिडून मात्र घेतलं. मायवर चिडले की घसरलीच का, मोठेबाबांवर चिडले की बोललेच का, आणि बाबांवर तर अशी चिडले की त्यांच्या ताटात भात आदळायला लागले. बाबा खाली मान घालून जेवायचे.

पुनवेच्या सकाळी दोन्ही काठांवर माणसंच माणसं. पलीकडे डफ वाजत होता. डोहावर धुकं होतं, पाणी इतकं थंड की हात बधिर व्हावा. मी ओल्या केसांनी डोंग्याच्या पुढच्या टोकाला बसले, मांडीवर तुंबा. वरचं भोक मेणाने बुजवलेलं, चारी बाजूंनी कुंकवाची बोटं. मामा माझ्यामागे घोंगडं पांघरून बसले होते आणि त्यांचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, की बाबा डोंगा हळूच पलीकडे तर सरकवत नाहीत ना. डोंगा पलीकडे सरकला तर तुंबा त्यांच्या फाट्यात जाणार आणि रेती आमची होणार. "जास्ती झाला, जास्ती झाला. थोडा इधर लेव," असं त्यांचं चाललं होतं. बाबांनी बांबू रोवून डोंगा उभा केला. मामा म्हणाले, "हौ, अब बराबर हाय." आमच्या काठावरून कोणी काही म्हटलं नाही. बाबा आमचे होते, ते आमचं वाईट कशाला करतील?

तुंबा नुसता पाण्यात टाकायचा नसतो. दोन्ही तळव्यांवर धरून पाण्यात बुडवत न्यायचा, पाणी त्याला आपसूक उचलतं, आणि मग हात खालून काढून घ्यायचे. सात वर्षं मी तसंच केलं होतं. त्या दिवशीही मी तळवे पाण्याखाली नेले, तुंबा हलका झाला, आणि मी हात काढताना डाव्या हाताच्या बोटांनी, पाण्याच्या खालून, त्याला आमच्या काठाकडे ढकलला. चांगला ढकलला. निसटला, लागला, असलं काही नाही. मी बोटं ताठ केली होती. हे मी आज साठी उलटल्यावर स्वच्छ लिहिते आहे, कारण मधली कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आले की थंडीने हात थरथरला असेल.

तुंबा निघाला. रेतीच्या टोकापाशी, जिथे पाणी दुभंगतं, तिथल्या भोवऱ्यात तो दोनदा गोल फिरला. पलीकडचा डफ थांबला होता. माझ्या मनात आलं, जाऊ दे त्यांच्या फाट्यात, सुटेन या सगळ्यातून. आणि तेवढ्यात तो आमच्या फाट्यात शिरला आणि उड्या मारत खाली निघून गेला. पलीकडे एकच आरोळी उठली. मामांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आमच्या काठावर माणसं तशीच उभी होती. कोणी मला काही बोललं नाही, बाबांना बोललं नाही. मोठेबाबा एवढंच म्हणाले, "तिसरा वर्स होय हा. धारेची मर्जी."

मी घाटावर उतरले तेव्हा कौसाबाई समोरच होती. मला वाटलं ही आता माझे हात धरणार. तिने माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "जाऊ दे वो. तुया तं बरा झाला. जाजो आता, शिकजो." तिचे डोळे भरले होते, ते तिने लपवलेही नाहीत. मी घरात पळाले आणि तापाचं निमित्त करून दिवसभर पांघरूण घेऊन पडले. चोराच्या मनात चांदणं! जो कोणी घरात यायचा, त्याला सगळं माहीत आहे असंच मला वाटायचं.

पुढच्या चार दिवसांत मी निघाले. मायला मामी येऊन सांभाळणार होती, तेवढी सोय झाली. बाबा माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन बसपर्यंत चालत आले, आणि त्या सगळ्या वाटेत एक शब्द बोलले नाहीत. पुनवेपासून त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं होतं. मला खात्री झाली की यांनी माझा हात पाहिला. बस सुरू झाली तेव्हा ते म्हणाले, "पत्र टाकजो." त्यांना वाचता येत नव्हतं. पहिल्या सुट्टीत घरी आले तर कौसाबाईच्या दाराला कडी. माय म्हणाली, गेली नागपूरकडे विटाभट्टीवर, पोरीला घेऊन. ती परत आली आठ वर्षांनी. तोवर मी नोकरीला लागले होते, पांढरी साडी नेसून गावोगाव सुया टोचत फिरत होते. शांताची शाळा दुसरीतच सुटली ती सुटलीच. एकदा कागदावर तिने माझ्यासमोर अंगठा उठवला, बाळंतपणाच्या नोंदीचा कागद होता तो. शाईचा डबा माझ्याच हातात होता.

पुढे घाटटोलीजवळ पूल झाला, डोंगा काठावरच कुजला, रेती तर ट्रक भरभरून गेली. आता बेटही नाही आणि वाडीही नाही, त्यामुळे हद्दीचं भांडणही नाही. माय गेल्यावर मी बाबांना तुमसरला माझ्याकडे घेऊन आले. म्हातारपणी ते बोलके झाले, हा आणखी एक छळ! जन्मभर गप्प बसलेला माणूस ऐंशीनंतर तोंड उघडतो आणि मिटतच नाही. बाजारातल्या माशाला वास येतो, गॅसवरच्या भाताला चव नाही, नळाचं पाणी मेलेलं आहे. आणि घरी कोणीही आलं, शेजारीण असो, विमा एजंट असो, गॅसवाला असो, की त्याला बसवून सांगायचं, "आमची सुमन दोन्ही काठाची पोरगी होती. तिच्या हाताले कोनी नाव नाही ठेवलं. तिच्या हातून तुंबा आपल्याच गावाच्या उलटा गेला, पन लबाडी नाही केली पोरीनं." मी आत भाजी चिरत असायचे आणि मला वाटायचं, ही विळी आपल्याच बोटावर ओढून घ्यावी.

एकदा दुपारी शेजारचे मास्तर आले होते. बाबांनी त्यांना तुंबा ऐकवला, तिसऱ्यांदा. मास्तर गेले आणि माझा तोल सुटला. मी हातातली झिंग्यांची परात खाली आदळली आणि म्हटलं, "बस करा बाबा! पुरे झालं! मी ढकलला होता तो तुंबा."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. "तू?"

"हो, मी. आपल्या काठाकडे. मला ट्रेनिंगला जायचं होतं म्हणून. तुम्ही पाहिलं होतंत, मला माहीत आहे. म्हणून तर बोलणं टाकलं होतं ना माझ्याशी?"

"मी कायले पाहीन? माया डोरा तं तुया मामावर होता." मग त्यांचं अंग हलायला लागलं. मला वाटलं रडताहेत, मी घाबरून पुढे झाले, तर म्हातारा हसत होता. हसता हसता खोकला लागला, पाणी दिलं, पाणी पिऊन परत हसले. "अवो पोरी, तं मंग मी कायले दोन हात अलीकडं घेतला डोंगा?"

मला काही कळेचना.

"तुया मामा म्हने, इधर लेव, इधर लेव. मी घेतला. तो म्हने त्याच्यापरीस दोन हात जास्त घेतला. त्याले का? त्याचा फायदाच होता. अन् आपले लोक म्हनत, हा तं आपलाच होय."

मग मला राग आला, असा की बोलताना माझा आवाज चिरकत होता. "मग सरळ 'जा' म्हणायचं होतंत ना मला! एवढा तमाशा कशाला? मी चाळीस वर्षं मनात ठेवलं हे!"

"तुई माय खाटेवर होती. भाऊ म्हने नको धाडू. मी 'जा' म्हनतो तं जलमभर दोघाइचाबी बोल खातो. नदी 'जा' म्हने तं कोन बोलते?"

"आणि नंतर? नंतर माझ्याशी बोलायचं का सोडलंत?"

"बोललो असतो तं तोंडातून निघून गेला असता."

माझ्या बापाने माझ्यासाठी अख्ख्या गावाला फसवलं, आणि मला ते कळू नये म्हणून माझ्याशीच अबोला धरला. मी रडत होते आणि त्यांना रागावतही होते, दोन्ही एकदमच. एवढं करायची हिंमत होती, मग एक शब्द बोलायची का नव्हती? ते आपले परातीतले झिंगे निवडायला लागले.

मग त्यांचा हात थांबला. "कौसा आहे का अजून?"

"आहे. शांताकडे असते, गावातच."

"दोघाइनंबी घात केला म्हना आपन तिचा," ते म्हणाले. हसू केव्हाच गेलं होतं. परात बाजूला सरकवून म्हणाले, "तिले सांगजो. पन मी असतानी नको. मले तिच्या समोर बसवनार नाही."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले. त्यानंतर मी कौसाबाईकडे तीनदा जाऊन आले. तिन्ही वेळा सांगायचं ठरवून गेले, आणि तिन्ही वेळा तिने मला पानग्या खाऊ घातल्या, गुडघे दाखवले, औषध विचारलं, "तुये हात लय पुन्यवान हायेत, सुमन," असं म्हणत माझे हात आपल्या हातात धरून बसली, आणि मी गोळ्यांची पट्टी तिच्या उशाशी ठेवून परत आले. तोंडाने हे माझ्याच्याने व्हायचं नाही, एवढं आता मला कळलं आहे. बापाचीच लेक, दुसरं काय!

म्हणून माझ्या आठवणींच्या पुस्तकात हे लिहून काढलं. कौसाबाईला वाचता येत नाही, शांतालाही येत नाही. शांताची नात नववीत आहे, ती खणखणीत वाचते. हे पुस्तक छापून आलं की पहिली प्रत घेऊन मी तिथे जाणार आहे. या गोष्टीच्या पहिल्या ओळीपासून तिला वाचायला सांगेन, आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत येईस्तोवर कौसाबाईच्या समोरून उठणार नाही.